काखा वर

सुरामीच्या वळणावर, जिथे बातुमीकडे निघालेले ट्रक
दालचिनीच्या वासाने वेग कमी करतात,
तिथे आईची भट्टी. मातीचं पोट,
तळाशी द्राक्षवेलीच्या काटक्यांचे निखारे.
गोड कणकेची लांबट नाझुकी तळव्यावर घ्यायची,
खांद्यापर्यंत आत वाकायचं
आणि तापल्या भिंतीवर चापट मारावी तशी थापायची.
एकेचाळीस वर्षं तोच उजवा हात.
कोपराच्या पुढे केस नाहीत, कधीचे जळून गेलेत.

त्बिलिसीच्या डॉक्टरांनी कागदावर काख काढली,
तिच्यात पेन्सिलीचे ठिपके.
हाताचं पाणी म्हणे यांतून गाळून पुढे जातं,
छातीतलं दुखणंही निघालं की आधी इथंच अडतं.
"म्हणजे टोलनाका," आई म्हणाली.
डॉक्टर हसले नाहीत. ठिपक्यांभोवती गोल काढला.

लहानपणी माझ्या बोटात काटा मोडला
तर आई आधी बोट बघायची नाही.
काख चाचपायची. अवधाण लागलं हाताला
की म्हणायची, राखणदार जागा आहे. झोप.

अठरा काढल्या. चारांत सापडलं.
मी रिपोर्ट वाचून दाखवला, हळू, जरा चुकवत.
"अठराच? एका नाझुकीत मी याहून जास्त बेदाणे घालते."
आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

बरगडीजवळून रबरी नळी, खाली बाटली.
आधी लाल, मग गुलाबी, मग मधाच्या रंगाचं.
एकशे दहा. नव्वद. पासष्ट.
रोजचे आकडे मी भट्टीच्याच वहीत लिहिले,
गुरामच्या उधारीशेजारी.

दंडाची आतली बाजू मुकी झाली,
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.
कपडे घालताना ती दचकते:
"कुणा दुसरीचा हात शिवून ठेवलाय मला."

काखा वर करणं आईला कधी माहीत नव्हतं.
बाबा ग्रीसला मजुरीला गेले आणि तिकडचेच झाले, तेव्हा नाही.
रस्ता रुंद झाला, भट्टी फोडून मागे बांधावी लागली,
तेव्हाही नाही.
आता आठवड्यातून दोनदा एलिको येते,
व्यायाम शिकवणारी, माझ्याहून लहान पोरगी.
म्हणते, "लामारामावशी, काखा वर."

दाराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या जुन्या रेघा आहेत.
तिथूनच आईची बोटं मुंग्यांसारखी चढतात.
पहिल्या आठवड्यात माझ्या पाचव्या वर्षापर्यंत पोचली.
ईस्टरला नवव्या.
बाराव्यापाशी काखेतून मनगटापर्यंत
एक दोरी ताणल्यासारखी होते,
आणि ती माझ्या बाराव्या वर्षाला शिव्या देते.

या हाताला सुई नको. रक्तदाबाचा पट्टा नको.
ओझं नको, चटका नको.
"चटका म्हणजे केवढा?"
एलिको माझ्याकडे बघते. मी भट्टीकडे.

आता मी वाकते आत.
मागे ती, बिस्किटरंगी घट्ट बाही चढवलेली,
डाव्या हाताने हवेत थापून दाखवते.
"खाली. अजून खाली गं. भ्यायलीस की गळून पडते."
गळून पडली. निखाऱ्यावर साखर जळल्याचा वास,
आणि माझे केस, मनगटापासून वर.
ट्रकवाला हॉर्न देत होता, दोन हव्या होत्या त्याला.

रात्री ती माझा हात मागून घेते.
फोड टरारलाय, तो बघत नाही.
बाही उचलून काख चाचपते.
बोटं तिथे पूर्वीपेक्षा बराच वेळ थांबतात,
एकेक ठिपका मोजावा तशी.
आहे, म्हणते.
झोप म्हणत नाही.